महानंदा आक्काचं नशीब

कुणी कुणाला नशीबवान म्हटलं की माझं डोकं उठतं. परवा आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये चार दिवसांनी पाणी आलं. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरंय की, तुमची सगळी पिंपं भरलेली असतात. त्याला पण नशीब लागतं." माझी पिंपं भरलेली असतात, कारण मी पहाटे उठून नळापाशी बसते आणि त्या साडेसातपर्यंत झोपतात. पण हे त्यांना कोण सांगणार. मी हसले, वर आले आणि चहा टाकता टाकता महानंदा आक्काची आठवण निघाली. मग सगळी सकाळ चिडचिडीत गेली.

अक्कलकोट रोडवर शाळांचे युनिफॉर्म शिवणारा एक कारखाना आहे. तिथं मी अठरा वर्षं सुपरवायझर होते आणि आक्का शिलाईच्या लाईनवर होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी म्हणून मी तिला आक्का म्हणायची. मी सुपरवायझर म्हणून ती मला ताई आणि तुमी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी. बुटकी, काटक, कपाळावर विभूतीचा बारीक पट्टा, त्याखाली कुंकू. आणि गळ्यात टेप.

आता शिलाईच्या बाईला टेपचं काय काम? कापून आलेले तुकडे जोडायचे, संपलं. गळ्यात टेप असते ती कटिंग मास्तरच्या. आमचे मास्तर नरसय्या, तेलुगू घरातले, सगळी हयात त्या टेबलामागं उभे राहिलेले. बायका आक्काला हसायच्या, "आल्या बघा मास्तरीणबाई." आक्का पण त्यांच्याबरोबर हसायची, आणि टेप काही काढायची नाही. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. तिला ते टेबल हवं होतं.

टेबल म्हणजे लांबच लांब, शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावर कापडाचे थर एकावर एक घालायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे आकार ठेवून खडूनं आखायचं आणि विजेच्या कटरनं सगळे थर एकदम कापायचे. तिथं एक चूक झाली की ती शंभर वेळा झालेली असते. त्या टेबलावर आमच्याकडं कधी बाई उभी राहिली नव्हती. का, असं विचारलं की कटर जड असतो म्हणायचे. आमच्यातल्या निम्म्या बायका भरलेल्या घागरी घेऊन जिने चढायच्या. पण कटर जड.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून गोल करून बसायच्या. आक्का कडक भाकरीवर शेंगाचटणी घ्यायची आणि ती हातात धरून टेबलापाशी जाऊन उभी राहायची. मास्तर, हा आकार असा तिरका का ठेवला? मास्तर, ही कड सोडून का दिली? मास्तर वैतागायचे. कटर दुरुस्त करायला मेकॅनिक यायचा, तर त्याच्याही मागं उभी. पातं कसं बदलायचं, धार कशी लावायची, सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. मी म्हणायची, "आक्का, सुट्टी जेवायला दिलीय." तिचं उत्तर ठरलेलं, "विचारायला काय जातंय, ताई?"

काय जातंय. ती विचारायची आणि डोकं माझं जायचं. शेअर रिक्षावाल्याला त्याच्या पोरीच्या दहावीचं विचारायची, कापडाच्या व्यापाऱ्याच्या हमालाला गुडघा कसा आहे म्हणून विचारायची. मग संध्याकाळी सहा वाजता आम्ही सगळ्या रस्त्यावर धूळ खात उभ्या, आणि तो रिक्षावाला नेमका हिच्यापुढं थांबायचा. बायका म्हणायच्या, हिला बरी रिक्षा मिळते, नशीबच तसं.

लाईटचा किस्सा सांगते, म्हणजे मी का चिडते ते कळेल. टेंभुर्णीच्या एका शाळेची ऑर्डर होती, मुलींचे हिरव्या चौकड्यांचे फ्रॉक. कापड नवीन, व्यापारीही नवीन. मास्तरांनी थर घातले, आखणी केली. तोवर आक्कानं कडेचा एक तुकडा मागून घेतला, जेवणाच्या सुट्टीत त्याचा बाहुलीएवढा फ्रॉक शिवला, बादलीत बुडवला, पिळला आणि बाहेर पत्र्यावर टाकला. एप्रिलचं ऊन, तो अर्ध्या तासात खडखडीत वाळला. मग तो घेऊन माझ्यापुढं उभी.

"ताई, ह्यो दोन बोटं आटलाय."

मी हजेरीचं बघत होते. घामानं कागद हाताला चिकटत होता. म्हटलं, "आक्का, दोन बोटांनी काय होतंय? पोरींना काय पायघोळ परकर नेसवायचाय का? जा, मशीनवर बस."

"बसते की. पर कापायच्या आदी मास्तरांना येवढं सांगा."

मी नाही सांगितलं. मला तिचं बोलणं कळलंही होतं, पण उकडत होतं आणि मास्तरांच्या तोंडी लागायचं जिवावर आलं होतं. मग ती स्वतःच गेली. मास्तर म्हणाले, "तू शिव. कापायचं मी बघतो." त्यांनी कटर उचलला, बटण दाबलं, आणि लाईट गेली.

सोलापुरात लाईट जाते, त्यात नवल काय. पण त्या दिवशी तासभर गेली. पंखा बंद झाला म्हणून मालक केबिनमधून बाहेर आले, तर दारातच आक्का, हातात तो फ्रॉक. मालकांनी माप लावून बघितलं, व्यापाऱ्याला फोन केला आणि कापड होतं तसं परत गेलं. सगळा कारखाना म्हणाला, आक्काचं नशीब बघा, ऐन वेळेला लाईट गेली. मालक म्हणाले, मास्तर म्हणाले. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू.

अहो, लाईट सगळ्यांचीच गेली होती. शेडमधली सगळी माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. फ्रॉक धुऊन वाळवून दारात उभी होती ती एकटी. लाईट गेली नसती तर तिनं मालकांच्या केबिनचं दार वाजवलं असतं, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मीसुद्धा नशीबच म्हणून मोकळी झाले.

दुसरं तिचं खूळ म्हणजे चिंध्या. प्रत्येक ऑर्डरच्या कापडाची एक चिंधी ती बाजूला काढायची, तिला टाचणीनं कागद लावायची. शाळा कुठली, महिना कुठला, कापड कुणाकडचं. पिठाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून त्या पिशव्या मशीनखाली. पाय ठेवायला जागा नाही. मी दोन वेळा त्या बाहेर फेकायला लावल्या, दोन्ही वेळा तिनं कचऱ्यातून उचलून आणल्या. "ठेवलं की कदीतरी लागतंय, ताई."

मग एकदा करकंबच्या शाळेचे सर आले. चार वर्षांपूर्वीचाच मरून रंग हवा, जुन्या पोरांचे शर्ट आणि नव्या पोरांचे शर्ट रांगेत वेगळे दिसता कामा नयेत. मरून रंगात किती प्रकार असतात ते आमच्या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. मालक म्हणे ह्याच्याकडचं होतं, मास्तर म्हणे त्याच्याकडचं. आक्का मशीनखाली वाकली आणि मिनिटभरात चिंधी घेऊन वर आली. कागदावर व्यापाऱ्याचं नावसुद्धा. सर खूश होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही फार लकी आहात." आणि आक्कानं काय करावं? ग्रामदैवताच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, "सिद्धरामाची कृपा. माझं काय हाय त्यात?"

हे मला सहन व्हायचं नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, "सिद्धराम आला होता का चिंध्या गोळा करायला?" तिनं दोन्ही गालांना हात लावले. "अय्यो, असं बोलू न्हाय, ताई." लोक तिच्या कष्टाला नशीब म्हणायचे आणि ती त्याला कृपा म्हणायची. तिनं काही केलंय, हे मान्य करायला कुणीच तयार नाही, ती स्वतःसुद्धा नाही. अशा माणसाचं करायचं काय?

मग दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, नरसय्या मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. खडूची रेघ दिसेना. मे-जून म्हणजे आमची लगीनघाई, शाळा उघडायच्या आत सगळा माल पोचायला हवा. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो, मालक, मास्तर आणि मी. मास्तर म्हणाले, "आक्काला द्या टेबल. तिला येतंय. मी नाही शिकवलं, तिनं शिकून घेतलं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणता?"

मला एवढंच म्हणायचं होतं, हो, येतंय. एक वाक्य. त्याऐवजी मी म्हणाले, "तुम्ही बघा. बायकांचं काय असतंय, घरचं काही निघालं की सुट्टी." मी स्वतः बाई, आणि हे बोलले. आक्कानं पाच वर्षांत एक खाडा केला नव्हता, आणि हजेरी तर माझ्याच हातात. का बोलले? टेबलावर गेली असती तर माझ्या बरोबरीला आली असती, हे एक. आणि जबाबदारी कशाला घ्या, हे दुसरं. त्याहून मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही.

टेबल मिळालं मालकांच्या भाच्याला. पुण्यात कसलासा कोर्स केलेला, मोबाईलवर व्हिडिओ बघून कामाला लागला. पहिलीच ऑर्डर बारीक चौकड्यांच्या शर्टाची, कापडाला सुलट-उलट अगदी स्पष्ट. मास्तर थर घालायचे ते येरझाऱ्या घातल्यासारखे, एक थर सुलट, परत येताना उलट. म्हणून एकाच पुठ्ठ्यानं आखलं तरी शर्टाचे निम्मे पुढचे भाग डावे निघायचे, निम्मे उजवे. भाच्यानं प्रत्येक थर तोडून सगळे सुलटच घातले. दिसायला झकास, सगळ्या चौकड्या वर.

आक्का माझ्याकडं आली. "ताई, ह्ये सगळे डावेच निघतील."

मी मान वर केली नाही. "आक्का, तुझं नेहमीचं आहे. टेबल मिळालं नाही म्हणून आता त्याच्या कामात खोड्या काढू नकोस."

ती वळली आणि गोडाऊनकडं गेली. तासाभरात कटर फिरला. संध्याकाळी गठ्ठे लाईनवर आले आणि पहिल्या मशीनवरची बाई म्हणाली, हे डावं. दुसरी म्हणाली, माझं पण डावं. मग सगळ्या लाईनभर डावं, डावं सुरू झालं. हसावं की रडावं कळेना. मालक डोक्याला हात लावून टेबलावरच बसले. तो भाचा मोबाईल बघत होता, बहुतेक परत तोच व्हिडिओ.

"कापड किती शिल्लक आहे?" मालकांनी विचारलं.

गोडाऊनवाला म्हणाला, "निम्मे तागे तसेच आहेत. ताईंनी थांबवायला सांगितले होते."

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आक्का पुढं झाली. "मालक, राहिलेलं कापड सगळं उलटं घाला. ह्योच पुठ्ठा, हीच आखणी. मग सगळे उजवे निघत्यात. जितके डावे, तितके उजवे."

मालकांना ते समजायला थोडा वेळ लागला, भाच्याला बराच. मग आक्का टेबलाच्या टोकाला उभी राहून एकेक थर उलटा घालून घेत राहिली, कड जुळवत, हात फिरवत. ती टेप त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. कटर चालवायची वेळ आली तेव्हा मात्र मालक म्हणाले, "दे त्याच्याकडं, तो कापेल." शर्ट एकूण एक जमले. कापड हातभरसुद्धा वाया गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पेढे आणले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "ताई, तुम्ही निम्मे तागे मागं ठेवलेत म्हणून वाचलो. कसं काय सुचलं तुम्हाला?"

आक्का तिच्या मशीनवर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिली.

मी म्हणाले, "सुचलं."

मालक हसले. मग आक्काच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "आणि आक्का तर आपली लकीच आहे. तिचा हात लागला की काम होतं." भाचा टेबलावर राहिला. लकी माणसाला फक्त पेढा द्यावा लागतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

दुपारी मी तिला नळापाशी गाठलं. मलाच राग आला होता, हा निर्लज्जपणा बघा. "माझं नाव का सांगितलंस गोडाऊनमध्ये?"

"माजं सांगितलं असतं तर कोन थांबलं असतं?"

"मग आज मालकांपुढं खरं का नाही बोललीस?"

ती तोंडावर पाणी मारत होती. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमी सांगाल म्हनून थांबले की." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, मलाच समजावल्यासारखं, "जाऊ द्या, ताई. तागे राहिले. सिद्धरामाची कृपा."

जुलैमध्ये सीझन संपला आणि ती माझ्या टेबलापाशी आली. होटगी रोडला एक नवा कारखाना निघत होता. तिथं कटिंगला बाई चालेल का, म्हणून ही रविवारी जाऊन विचारून आली होती. ते म्हणाले, चालेल, जुन्या ठिकाणचा अनुभवाचा दाखला आणा. दाखला म्हणजे लेटरहेडवर चार ओळी. लिहायचं माझं काम, सही मालकांची.

मी दहा दिवस लावले. आज मालक नाहीत, उद्या बघू. शेवटी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "कशाला सोडायची? लकी बाई आहे. जायचंच असेल तर लिहा काहीतरी. पण कटिंग मास्तर वगैरे लिहू नका, भाच्याचं नाव खराब होईल." मी लिहिलं, शिलाई कामगार व कटिंग मदतनीस. कटिंग शब्द घातला म्हणून मला वाटलं, मी फार मोठं धाडस केलं.

आक्कानं कागद उभ्यानं वाचला, एकेका शब्दाखाली बोट धरून. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"ताई, एक विचारू? विचारायला काय जातंय. ह्यो मदतनीस तेवढा काढता येईल का?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणाले, "सही झालीय, आक्का. आता राहू दे."

"बरं," ती म्हणाली. कागदाची घडी घातली. मशीनखालच्या चिंध्यांच्या पिशव्या एकेक करून बाहेर नेल्या आणि रिक्षात ठेवल्या. रिक्षावाला खाली उतरून तिला मदत करत होता. ज्याच्या पोरीची ही चौकशी करायची, तोच.

पुढच्या वर्षी मीही ते काम सोडलं. घरी बसल्यावर तो एक शब्द डोक्यातून जाईना. मालकांपुढं "सुचलं" म्हणाले होते, तेही जाईना. शेवटी एका दुपारी साध्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं, की मी सुपरवायझर असताना महानंदा आक्काला कटिंगचं सगळं काम येत होतं, आणि निम्मे तागे तिनं थांबवले होते, मी नाही. खाली सही केली, गाडी काढली आणि होटगी रोडला गेले.

ती मला आत नाही, आवारातच दिसली. नळाखाली बादली, बादलीत कापडाचा तुकडा, गळ्यात टेप. खिडकीतून आतलं टेबल दिसत होतं, आणि टेबलामागं एक पंचविशीतला माणूस, त्याच्याही गळ्यात टेप.

"ताई? तुमी हितं कुटं?"

मी कागद पुढं केला. तिनं हात पुसले आणि बोट धरून वाचायला लागली. ताग्यांच्या ओळीपाशी आली, थांबली, ती ओळ परत वाचली. "लई बरं केलंत," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"मग दाखव ना त्यांना."

"पयला कागद फाईलीला लागला की, ताई. मदतनीस म्हनून घेतलंय मला. आता मास्तर पन आनलाय त्यांनी." तिनं माझ्या कागदाची घडी घातली, पदराची टाचणी काढून त्याला टोचली आणि बाजूच्या पिशवीत, चिंध्यांत ठेवून दिला. "असू दे. कदीतरी लागतंय."

मला राहवलं नाही. "आक्का, पुन्हा पहिल्यापासून? ह्या वयात? पुन्हा भाकरी हातात घेऊन त्या पोरामागं उभी राहणार? कंटाळा नाही येत तुला?" माझा आवाज चढला होता आणि चिरकतही होता.

तिनं तुकडा पिळला, झटकला, पत्र्यावर नीट पसरला. ऊन कुठवर आलंय ते बघितलं. मग माझ्या जवळ येऊन, एखादी चांगली बातमी सांगावी तशी, हळूच म्हणाली, "ताई, हितं लाईट लई जाते."